थेंबभर उशीर

नाव सांगून उपयोग नाही, कुणी पाहिलेली नाही.
रात्री दीडला लागायची,
कीटकनाशकाच्या जाहिरातीनंतर.
चौतीस भाग. नटनटी अनोळखी,
राजवाड्याच्या खांबांचा रंग इतका ओला
की एकदा नायिकेच्या बाहीला लागलेला स्पष्ट दिसला.

मी लाययांगच्या शीतगृहात रात्रपाळीचा पहारेकरी.
नऊ हजार पेट्या नासपती, उणे एक अंश,
अमोनियाचा वास, आणि टेबलावर
आधीच्या पहारेकऱ्याने मागे सोडलेला टीव्ही,
ज्यात सगळ्यांचेच चेहरे जरा हिरवे.

रोंग छी तळघरात, तांब्याच्या तीन हंड्यांपाशी,
थेंब मोजणारा.
वेइ श्वांग बुरुजावर, प्रहराचा नगारा वाजवणारी.
हंडा भरला की हा दोरी ओढायचा,
वर घंटी किणकिणायची, ती टिपरी उचलायची.
एवढीच ओळख.
बावीस भाग दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग एका थंडीत त्याला दोरीतून कळलं
(दोरीतून काय कळतं रे, मी ओरडलो टीव्हीवर)
की वरचा हात सुजलाय.
त्या रात्री त्याने तोटीत मेणाचा एक कण बसवला.
पाचवा प्रहर थेंबभर उशिरा झाला.
अख्खं नगर थेंबभर जास्त झोपलं:
पाणके, हमाल, सम्राट,
पहाटे ज्याची मान जायची होती तो कैदीसुद्धा.

तिसाव्या भागात त्याचीच घटका भरली.
राजज्योतिषाने सावली मोजून चोरी पकडली.
वाळवंटातल्या चौकीवर हद्दपारी.
जाताना बुरुजाखालून गेला, मान वर केली नाही.
तीही डोकावली नाही. फक्त भर दुपारी,
कुठल्याच प्रहराचा नसलेला
एक ठोका पडला.

मी पाणी प्यायलो. पेट्यांची फेरी चुकवली.
नोंदवहीत लिहिलं: तापमान ठीक.

त्साइफंग दिवसपाळीला, प्रतवारीच्या शेडमध्ये.
एकोणीस वर्षं आम्ही सहाला फाटकात भेटतो.
मी रिकामा थर्मास देतो, ती घराची किल्ली देते.
‘भाजी झाकून ठेवलीय.’
‘बरं.’
त्या सकाळी म्हणाली, डोळे लाल का?
म्हटलं, अमोनिया.

शेवटचा भाग मी उभ्यानेच पाहिला.
ती म्हातारी झालेली. खाली नवा माणूस, काटेकोर.
घंटी किणकिणते, ती टिपरी उचलते,
आणि थांबते.
थेंबभर.
चाळीस वर्षं रोज,
आणि नगरात कुणाच्या लक्षात नाही.
नावं सरकली भराभर, मग खताची जाहिरात.

फाटकावरच्या हजेरीच्या घड्याळाची चावी माझ्याच कमरेला असते.
दहा मिनिटं मागे केलं.
मुकादम छू आला, घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला,
पुन्हा घड्याळ पाहिलं आणि विडी पेटवायला वळला.
आम्ही दोघं पेट्यांच्या उतरंडीआड बसलो.
तिच्या खिशात प्रतवारीत नापास झालेली नासपती होती,
एका अंगाला चेपलेली.
मी चाकू काढला आणि घुटमळलो.
आमच्याकडे नवराबायको नासपती वाटून खात नाहीत,
तिचा उच्चार आणि ताटातुटीचा उच्चार एकच.

तिने चाकू घेतला हातातून.
‘एकोणीस वर्षं,’ म्हणाली,
‘ही बिचारी आता आणखी किती लांब करणार?’

फोड थंडगार, दातांना झिणझिण्या.
मालिकेचं सांगायला तोंड उघडलं,
तर म्हणाली, आधी गिळ.
तिच्या बोटांची पेरं सुजली होती.
कधीपासून, ते विचारलं नाही मी. लाज वाटली.

महिनाअखेरीस वीस युआन कापले.
कारणाच्या रकान्यात मुकादमाने लिहिलं होतं,
घड्याळ थकलं आहे.